ठाण्याच्या नौपाड्यातला पायथनचा शनिवार-रविवारचा क्लास: ॲबस्ट्रॅक्ट क्लास एकदाचा डोक्यात शिरला

मी वागळे इस्टेटला एका छोट्या ऑफिसात सहा वर्षं पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेवर काम करतेय, पायथन ही दुसरी भाषा शिकायची म्हणून गोखले रोडच्या मागच्या गल्लीतला हा क्लास लावला आणि खरं सांगते, ॲबस्ट्रॅक्ट क्लासच्या (म्हणजे कोडमधला असा साचा, ज्याचा स्वतःचा ऑब्जेक्ट बनत नाही, त्यावरून फक्त पुढचे क्लास बनतात) दोन रविवारांतच फी वसूल झाली.

आधी एका ठिकाणी हेच प्राणी, कुत्रा, मांजर करून शिकवलेलं, पाठ झालं पण कशासाठी ते कळलंच नाही. इथे सरांनी पोळीभाजी केंद्र घेतलं. नुसतं "डबा द्या" म्हटलं तर काकू विचारणारच ना, हाफ की फुल? म्हणजे नुसत्या डब्याचा ऑब्जेक्ट (क्लासच्या साच्यातून बनलेली प्रत्यक्ष वस्तू) बनताच कामा नये, किंमत ज्या त्या डब्याने आपली आपण सांगायची, आणि घरपोच द्यायचं काम सगळ्यांचं सारखंच म्हणून ते वरच्या क्लासात एकदाच लिहायचं.

मग लिहायला बसलो. मी किंमत या मेथडवर (क्लासमधल्या फंक्शनवर) ॲबस्ट्रॅक्टमेथडचा डेकोरेटर, म्हणजे "हे खालच्या क्लासने लिहायलाच हवं" अशी खूण, लावला तरी डब्याचा ऑब्जेक्ट खुशाल बनला, एरर नाही काही नाही! सर मागे उभे होते, उत्तर दिलं नाही, फक्त म्हणाले, "पहिली ओळ परत वाचा." दहा मिनिटांनी दिसलं, क्लासच्या कंसात एबीसी (ॲबस्ट्रॅक्ट क्लाससाठी पायथनचा तयार बेस क्लास) लिहायचंच राहिलेलं, आणि ते नसलं तर पायथन कोणाला अडवत नाही. ते टाकलं आणि लगेच टाइपएरर. ही चूक आता जन्मात होणार नाही.

पीएचपीवाल्यांनी एक लक्षात ठेवा. आपल्याकडे सबक्लासात (वरच्या क्लासवरून बनलेल्या क्लासात) ॲबस्ट्रॅक्ट मेथड लिहायची राहिली की क्लास लोड होतानाच फेटल एरर येतो, पायथनमध्ये मात्र फुलडबा हा सबक्लास किंमतीशिवायही गुपचूप तयार होतो आणि ऑब्जेक्ट बनवताना अडतो, त्यामुळे टेस्टमध्ये प्रत्येकाचा ऑब्जेक्ट एकदा बनवून बघाच. शिवाय इथे ॲबस्ट्रॅक्ट मेथडला आत कोडही लिहिता येतो, सबक्लासातून सुपरने बोलवता येतो, पीएचपीत ते चालत नाही. जुन्या कोडमध्ये त्याच कामासाठी एबीसीमेटा दिसतं तेही सरांनी दाखवलं, कारण नुसतं एबीसी पायथन 3.4 पासून आलंय.

अगदी नवशिक्यांना मात्र वेग झेपणार नाही, फंक्शन आणि साधे क्लास येत असतील तरच जा. प्रोजेक्टर फिका आहे, मागून कोड वाचता येत नाही, तेव्हा लवकर जाऊन पुढे बसा. आणि लॅपटॉप घरूनच चार्ज करून न्या, चौदा जणांत प्लग तीनच आहेत.