अ‍ॅडालिमुमॅब इंजेक्शन (४० मिग्रॅ): आठ महिने वापरल्यावर

कराडला घरीच ब्लाउज शिवते, एकवीस वर्षं झाली. आमवातानं उजव्या हाताची बोटं इतकी सुजली की कात्रीच्या कडीत जाईनात. सकाळी साडेनऊपर्यंत मूठ वळायची नाही. एका दवाखान्यात दोन वर्षं नुसत्या पेनकिलर खाल्ल्या. त्या दोन वर्षांत डाव्या मनगटाचं हाड कुरतडलं गेलं, ते काही भरून येत नाही. याचं मला अजून फार वाईट वाटतं.

पुण्याच्या संधिवाताच्या डॉक्टर मॅडमनी अँटी-सीसीपी ही आमवाताची रक्ततपासणी करून निदान केलं. आधी आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध, सहा महिने. सूज अर्धीच उतरली, म्हणून जोडीला हे इंजेक्शन. पेनकिलरपेक्षा हे वेगळं कसं, विचारलं, तर त्यांनी अस्तरावरूनच समजावलं. सांध्याला आतून अस्तर असतं, निरोगी माणसात जेमतेम एक ते तीन पेशींच्या थराचं. आमवातात रोगाशी लढणाऱ्या पेशी तिथेच ठाण मांडतात. बी पेशी आपल्याच शरीराविरुद्ध प्रतिपिंडं करतात, टी पेशी बाकीच्यांना चिथवतात, आणि मॅक्रोफेज नावाच्या पेशी टीएनएफ नावाचं रसायन सोडतात. त्या सांगाव्यावर आणखी पेशी धावून येतात. अस्तर जाड होत जातं, कूर्चेवर चढतं, हाड खातं. इंजेक्शन तो टीएनएफच धरून ठेवतं. पेनकिलरनं दुखणं दबतं, हाड खाणं चालूच राहतं.

दर पंधरा दिवसांनी एक, मांडीत. मला तिसऱ्या डोसनंतर फरक जाणवला. टोचण्याआधी अर्धा तास फ्रीजबाहेर काढून ठेवलं की झोंबत नाही. एरवी २ ते ८ अंशांतच हवं. एका मेडिकलवाल्यानं बर्फाशिवाय साध्या पिशवीत दिलं, मी तिथल्या तिथे परत केलं. तुम्हीही घेऊ नका.

टीबीची तपासणी मात्र कुणी टाळू नका, हात जोडून सांगते. जुने टीबीचे जंतू याच पेशींनी शरीरात कोंडून ठेवलेले असतात आणि तो कोंडवाडा टिकायला टीएनएफ लागतो. माझा छातीचा एक्स-रे आणि टीबी गोल्ड ही रक्ततपासणी झाल्यावरच पहिला डोस मिळाला. ताप असला तर आधी डॉक्टरांना फोन, मग इंजेक्शन.

आपल्याकडे २०१४ पासून भारतीय बनावटीचं मिळतं, मूळ ब्रँडपेक्षा बरंच स्वस्त. तरी शिलाईच्या कमाईवर जडच जातं, एक तारा तेवढ्यासाठी कमी. परवा पैठणीच्या ब्लाउजला अकरा हूक हातानं लावले, सकाळी आठ वाजता.