ब्लेंडरच्या जोडीला रिझॉल्व्ह: चवथीपासून शिगम्यापर्यंतचा वापर

कंपोझिटिंग, म्हणजे चित्रांचे थर एकावर एक बसवणं, ब्लेंडर या फुकट थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये आणि एडिटिंग दाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत, असं चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) जाहिरातींपासून शिगम्यापर्यंत (गोव्याच्या होळीपर्यंत) चालवलं. निमित्त अर्थातच पैशांचं. अडोबीच्या प्रीमियर (एडिटिंग) आणि आफ्टर इफेक्ट्स (कंपोझिटिंग) यांना थेट जोडणारी डायनॅमिक लिंक सोयीची आहे, वाद नाही. पण पावसाळ्यात कामं बसतात, त्यांची वर्गणी बसत नाही. केडेनलाइव्ह हा फुकट एडिटरही पाहिला, कापाकापीला ठीक, रंगकामात तोकडा.

रिझॉल्व्हच्या पोटातच फ्यूजन हा कंपोझिटिंगचा विभाग असताना ब्लेंडर कशाला? फ्यूजनचा कॅमेरा ट्रॅकर (शॉटमधून कॅमेऱ्याची हालचाल शोधणारा) फुकट आवृत्तीत मिळत नाही, ब्लेंडरचा मिळतो. शिवाय टाइमलाइनवर जड फ्यूजन कॉम्प ठेवला की साधारण ग्राफिक्स कार्ड धापा टाकतं. तयार ईएक्सआर सीक्वेन्स, म्हणजे दर फ्रेमची एकेक सुटी चित्रफाइल, त्यामानानं निमूट पळतो.

आता खरं दुखणं: सेकंदाला २५ फ्रेम. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. जत्रेतलं रात्रीचं नाटक ट्यूबलाइटखाली शूट करायचं तर २५ फ्रेम आणि १/५० शटर, नाहीतर चित्रावर पट्टे फिरतात. पण ब्लेंडर उघडावं तर २४, रिझॉल्व्हचा नवा प्रोजेक्टही २४! पहिली क्लिप आत घेताना रिझॉल्व्ह एकदाच विचारतं, फ्रेम रेट बदलू का? घाईत ‘नको’ दाबलं की मीडिया पूलमध्ये (क्लिपांच्या कोठारात) माल शिरतो आणि प्रोजेक्टचा आकडा कुलूपबंद. सुटकेची एक वाट: नवी टाइमलाइन करताना ‘यूज प्रोजेक्ट सेटिंग्ज’ची खूण काढायची आणि तिथे २५ द्यायचे. सुरुवातीला हा शुद्ध हेकटपणा वाटायचा.

चवथीनंतर मत बदललं. सुट्या फ्रेमच्या सीक्वेन्सला स्वतःचा वेग असेलच असं नाही, तो उघडणारं सॉफ्टवेअर ठरवतं. आफ्टर इफेक्ट्स मुळात ३० धरतं. म्हणजे २५० फ्रेमचा १० सेकंदांचा शॉट ८.३३ सेकंदांत आटोपतो आणि नटाचे ओठ संवादाच्या पुढे धावतात. रिझॉल्व्ह मात्र त्याच कुलूपबंद आकड्यानं सीक्वेन्स वाचतं. प्रोजेक्ट २५ वर बांधला असेल तर ब्लेंडरचा माल फ्रेमला फ्रेम बसतो. चुकलाच तर सगळे सीक्वेन्स एकदम निवडून क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये २५ करायचे. फक्त टाइमलाइनवर टाकण्याआधी.

ईएक्सआर आत आल्यावर चित्र काळपट दिसतं, कारण ब्लेंडर ते लिनियर, म्हणजे पडद्यासाठीची उजळणी न करता, लिहितं. कलर पेजवर कलर स्पेस ट्रान्सफॉर्म लावा: इनपुट रेक.७०९, गॅमा लिनियर, आउटपुट रेक.७०९, गॅमा २.४. ब्लेंडरमध्ये व्ह्यू ट्रान्सफॉर्म ‘स्टँडर्ड’ ठेवा. ४.० पासून तिथे मुळात ‘एजीएक्स’ असतं, त्यात शूट केलेलं फुटेज फिकं दिसतं आणि आपण नसलेला दोष सुधारत बसतो. कीइंग केलेल्या (रंगीत पडदा उडवून सुटी केलेल्या) आकृतीला काळी कड आली तर अल्फा (पारदर्शकतेचा) मोड ‘प्रीमल्टिप्लाइड’ आहे ना, ते आधी तपासा.

कीइंगवरून आठवलं, गणपतीच्या जाहिरातीत माटोळी (मूर्तीवर टांगलेली फळापानांची आरास) असेल तर हिरवा पडदा लावूच नका. आंब्याचे टाळे, हिरव्या सुपाऱ्या, काकड्या सगळं पडद्याबरोबर उडतं आणि मग फ्रेमला फ्रेम मास्क कापत बसावं लागतं. निळा पडदा घ्या.

डिस्कचा हिशेब आधीच मांडा. १९२०×१०८० ची हाफ फ्लोट (१६ बिटांची), अल्फासकट, कॉम्प्रेशन न केलेली एक फ्रेम सुमारे १६.६ एमबी, १० सेकंदांना ४ जीबीच्या वर. झिप कॉम्प्रेशन लावा, दर्जा तसूभरही कमी होत नाही. चित्रात ग्रेन (दाणे) जास्त असेल तर पीआयझेड हा दुसरा कॉम्प्रेशनचा प्रकार.

एवढी जागा खाऊनही ईएक्सआरच का, ते पावसात कळतं. एमपी४ रेंडर होताना वीज गेली तर अख्खी फाइल बाद. इथे झालेल्या फ्रेम शाबूत राहतात. ब्लेंडरच्या आउटपुटमध्ये ‘ओव्हरराइट’ काढून टाका, म्हणजे वीज आल्यावर तो उरलेल्या फ्रेमच रेंडर करतो. एक मेख आहे: वीज गेली त्या क्षणाची शेवटची फाइल अर्धवट किंवा शून्य बाइटची असू शकते, आणि ब्लेंडर तिलाही ‘झालेली’ समजून पुढे जातो. फोल्डर आकारानुसार लावा, सगळ्यात लहान फाइल उडवा, मगच रेंडर पुन्हा सुरू करा. टाइमलाइनच्या मधोमध अचानक काळी फ्रेम लुकलुकते ती बहुधा हीच.

रिझॉल्व्हच्या विकतच्या स्टुडिओ आवृत्तीला एकदाच पैसे भरायचे असतात, पुढे भाडं नाही. तरी अंधारातल्या जत्रेच्या फुटेजला टेम्पोरल नॉइज रिडक्शन (लागोपाठच्या फ्रेम ताडून दाणे घालवणं) हवं असेल किंवा ४केच्या वरचं आउटपुट मागणारं गिऱ्हाईक असेल, तरच ती घ्या. नाहीतर तेवढ्यात एक बरा एसएसडी आणि यूपीएसची नवी बॅटरी येते. आधी तेच घ्या.