जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट २२ : चार महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या घरचा लॅपटॉप २०१६ सालचा आहे. सहाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि चार जीबी रॅम. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. विंडोज ११साठी साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागत असल्यामुळे हे यंत्र धडधाकट असूनही बाद ठरले. सुरक्षा अपडेट आणखी एक वर्ष मिळवण्याची सोय होती, पण तीही ऑक्टोबर २०२६पर्यंतच. बाबांना या लॅपटॉपवर सोसायटीची इतिवृत्ते लिहायची असतात, बँकेचे खाते पाहायचे असते आणि नातवाशी व्हिडिओवर बोलायचे असते. तेवढ्यासाठी नवा लॅपटॉप घेणे जिवावर आले, म्हणून त्यावर लिनक्स मिंट २२ या विंडोजला पर्यायी संगणकप्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बसवली.

ही प्रणाली मोफत आहे, उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर आधारलेली आहे आणि तिला २०२९पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. सुमारे तीन जीबीची फाइल उतरवून ती पेन ड्राइव्हवर चढवली की लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरूनच सुरू करता येतो आणि हार्ड डिस्कला हात न लावता वाय-फाय, आवाज, कॅमेरा हे सगळे तपासून पाहता येते. मी दोन संध्याकाळी एवढेच केले. बसवताना 'डिस्क पुसून टाका' हा पर्याय मात्र खरोखरच सगळे पुसतो, त्यामुळे फोटो आणि कागदपत्रे आधी बाहेर काढून ठेवावीत.

वेगाबद्दल प्रामाणिकपणे सांगायचे तर अर्धे श्रेय मिंटचे नाही. त्याच वेळी मी जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली होती, आणि ज्यांनी ती बसवलेली नाही त्यांनी केवळ प्रणाली बदलून चमत्काराची अपेक्षा करू नये. फरक जाणवतो तो रॅममध्ये: सुरू झाल्यावर मिंट एक जीबीच्या आसपास घेते, बाकीची फायरफॉक्स या ब्राउझरसाठी मोकळी राहते. अपडेटची सूचना खाली कोपऱ्यातल्या ढालीच्या चिन्हावर दिसते आणि आपण होकार देईपर्यंत ती तिथेच थांबून राहते. बाबांना सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट हीच.

मराठीची बाजू मला सविस्तर तपासायची होती. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये देवनागरीचे इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कळमांडणीसह अनेक पर्याय मिळतात आणि त्यांना इंटरनेट लागत नाही. 'दुसऱ्या' हा शब्द मी मुद्दाम टंकून पाहिला, कारण त्यातला अर्धा र अनेक ठिकाणी फसतो. इनस्क्रिप्टवर शिफ्ट आणि जे दाबून ऱ, मग डीवर हलन्त आणि तिरक्या रेघेच्या कळीवर य, अशा क्रमाने तो बरोबर उमटला. मेनूंचे मराठीकरण मात्र अर्धवट आहे. काही सूचना मराठीत, काही इंग्रजीत अशी सरमिसळ बघण्यापेक्षा आम्ही प्रणालीची भाषा इंग्रजीच ठेवली.

खरी अडचण जुन्या इतिवृत्तांची आली. बाबांनी पूर्वी युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेल्या फाइली लिब्रेऑफिस या वर्डसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या तेव्हा पानभर रोमन अक्षरांचा कचरा दिसला आणि "अरे, वीस वर्षांचं काम गेलं की काय?" असे म्हणत ते खुर्चीतून उठलेच. मजकूर गेलेला नव्हता. जुन्या विंडोजमधून त्या फॉन्टची फाइल आणून होम फोल्डरातल्या 'फॉन्ट्स' नावाच्या लपलेल्या फोल्डरात टाकली (त्याच्या नावाची सुरुवात टिंबाने होते) आणि लिब्रेऑफिस पुन्हा उघडले, की अक्षरे जागच्या जागी आली. ज्यांच्याकडे असे जुने दस्तऐवज आहेत त्यांनी विंडोज पुसण्याआधी फॉन्टच्या फाइली न विसरता उचलून घ्याव्यात. वर्डच्या फाइलींतील साधा मजकूर नीट उघडतो, गुंतागुंतीचे तक्ते मात्र कधी कधी सरकतात.

आमच्या प्रिंटरवर छपाई कोणतीही खटपट न करता झाली, पण त्याचा स्कॅनर चालत नाही आणि त्या कंपनीने लिनक्ससाठी चालक (ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र चालवणारे सॉफ्टवेअर) दिलेला नाही; आता स्कॅन मोबाइलने करतो. माझ्या एका स्नेह्यांच्या कार्यालयात हिशेबाचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजचे आहे आणि डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा चालकही विंडोजपुरताच. त्यांना मी मिंट सुचवले नाही, सुचवणारही नाही.

गेल्या महिन्याचे इतिवृत्त बाबांनी प्रथमच युनिकोडमध्ये टंकले. जुन्या फॉन्टची एक प्रत त्यांनी वेगळ्या पेन ड्राइव्हवर घालून, वर चिठ्ठी चिकटवून, सोसायटीच्या कपाटात ठेवली आहे.