फिजिओथेरपीला पहिल्यांदा जाताना: काही महिन्यांच्या उपचारानंतरचा अनुभव (सोलापूर)

गुडघा आणि आखडलेला खांदा, दोन्हींसाठी काही महिने उपचार घेतल्यावर हे लिहीत आहे. क्लिनिकचं नाव मुद्दाम देत नाही. यातलं बहुतेक कुठल्याही क्लिनिकला लागू पडतं.

पहिल्या दिवशी तपासणी महत्त्वाची, मशीन नाही. गुडघा किती वाकतो, हात किती वर जातो, हे गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजायची पट्टी) अंशांत मोजतात. ते आकडे स्वतःच्या वहीत लिहून घ्या आणि दर दोन आठवड्यांनी पुन्हा मोजायला सांगा. दुखणं रोज कमी-जास्त होतं, त्यावरून सुधारणा कळत नाही. सपाट रस्त्यावर चालायला गुडघ्याचे 60-70 अंश पुरतात, पण खुर्चीतून नीट उठायला 90 च्या पुढे वाकावा लागतो. काहीच न मोजता थेट करंट लावत असतील तर दुसरं क्लिनिक बघा.

एक्स-रे, एमआरआयची फिल्म आणि रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्या सोबत न्या. ऑपरेशन झालं असेल तर पायावर किती भार द्यायचा, हे सर्जनकडून लिहून घ्या. पेसमेकर, शरीरातली धातूची पट्टी किंवा स्क्रू, गर्भारपण, मधुमेह, कॅन्सरचे उपचार यांपैकी काहीही असलं तर कुणी विचारायची वाट बघू नका. पेसमेकर असेल तर टेन्स, आयएफटीचा करंट (दुखणं कमी करायला कातडीवर पॅड चिकटवून देतात तो) टाळतात. शॉर्टवेव्ह डायथर्मीत, म्हणजे रेडिओलहरींनी खोलवर शेक देणाऱ्या मशीनमध्ये, धातूभोवती उष्णता साठून आतून भाजू शकतं.

शेकाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण भाजण्याचे प्रकार इथेच होतात. ओल्या शेकाची पिशवी 70-75 अंश सेल्सिअसच्या पाण्यातून काढलेली असते. तिच्याभोवती टॉवेलचे सहा ते आठ पदर हवेत आणि 15-20 मिनिटं पुरतात. दोन जाड सोलापुरी टॉवेल घरून नेले तर पदरही पुरतात आणि स्वच्छताही राहते. पिशवीवर अंग टाकून झोपू नका, वजनाने पदर दबतात. ‘जरा सहन करा’ हे शेकाला लागू नाही. चटका लागला की लगेच सांगा. मधुमेहात पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, मग भाजलेलं कळतच नाही, म्हणून शेकाआधी गरम-थंड ओळखता येतं का ते तपासून घ्या. बाम किंवा तेल लावून जाऊ नका. बामावर शेक दिला की कातडी पोळते. तेलावर पॅड चिकटत नाहीत आणि अर्धवट टेकलेल्या पॅडच्या कडेला करंट टोचतो.

कपडे सैल हवेत. साडीत गुडघ्याचे व्यायाम नीट होत नाहीत, सलवार बरी. एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर असतो, सकाळची वेळ घ्या, पण शुगरवाल्यांनी उपाशी जाऊ नये. लिफ्ट आहे का, हे फोनवरच विचारा.

मशीनने दुखणं काही तास हलकं होतं. गुडघा सुधारतो तो घरच्या व्यायामाने. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, मांडी आवळून पाच ते दहा सेकंद धरायची, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखला की बीपी चढतं, म्हणून आकडे मोठ्याने मोजा. व्यायामाने वाढलेलं दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर व्यायाम सोडू नका, संख्या कमी करा आणि फिजिओथेरपिस्टना सांगा. आखडलेल्या खांद्याला महिने लागतात. बरेच जण दुखणं थांबताच येणं बंद करतात आणि हात तिथेच अडकतो.

कामाचं स्वरूप नक्की सांगा. यंत्रमागावर दिवसभर उभं राहणं किंवा मांडीवर सूप घेऊन मान खाली घालून विड्या वळणं तसंच चालू राहिलं तर दहा सिटिंगचा फायदा टिकत नाही. सुपाखाली उशी घेऊन ते उंच करणं आणि अर्ध्या तासाने उठणं, एवढ्यानेही मानेवरचा ताण कमी होतो.

पॅकेजचे पैसे आगाऊ भरण्याआधी चुकलेली सिटिंग बुडते का, हे विचारा. पदवी आणि महाराष्ट्राच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको.

कंबरदुखीसोबत लघवी-संडासावरचा ताबा गेला किंवा जांघेत बधिरपणा आला तर क्लिनिकची वेळ घेत बसू नका, थेट हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा. एकच पोटरी सुजून गरम लागत असेल तर तिथे मालिश करू देऊ नका. रक्ताची गाठ असू शकते, आधी डॉक्टरांना दाखवा.