वायनॅब सोडून ॲक्च्युअल बजेटकडे: कुणी जावं, कुणी थांबावं

वायनॅब (YNAB) आणि ॲक्च्युअल बजेट ही दोन्ही घरखर्चाच्या हिशोबाची ॲप, आणि त्यांचं मूळ तत्त्व एकच आहे: हातात असलेल्या प्रत्येक रुपयाला काम नेमून द्यायचं. पगार आला की किराणा, सोसायटीचा मेंटेनन्स, शाळेची फी, गणपती अशा पाकिटांत (म्हणजे ॲपमधल्या कॅटेगरींत) तो वाटायचा आणि पुढचा खर्च पाकिटातली शिल्लक बघून करायचा. त्यामुळे एकातून दुसऱ्यात जाताना पद्धत नव्यानं शिकावी लागत नाही. बदलतात त्या मुख्यतः तीन गोष्टी: क्रेडिट कार्डाचा हिशोब, बँकेतून व्यवहार आणण्याची वाट, आणि तुमची आकडेवारी कुणाच्या मशीनवर राहते ते.

पैशाचं आधी सांगून टाकू. वायनॅबची वर्गणी 2024 मधल्या दरवाढीनंतर वर्षाला 109 डॉलर, किंवा महिन्याला 14.99 डॉलर आहे. एका वर्गणीत सहा जण सामावतात. ॲक्च्युअल 2022 पासून मुक्त स्रोत आहे, म्हणजे ॲप फुकट. ते चालवायचे तीन मार्ग आहेत: एकाच संगणकावर डेस्कटॉप ॲप, घरच्या जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर डॉकरमधून (तयार पॅकेज चालवणारं साधन) सर्व्हर, नाहीतर तुमच्यासाठी सर्व्हर चालवणारी पिकापॉड्ससारखी भाड्याची सेवा. भाडं महिन्याला साधारण दीड डॉलर पडतं. घरात दोघंजण हिशोब ठेवणार असतील तर पहिला मार्ग बाद, कारण फोनवरून नोंद करायला सर्व्हर लागतोच.

भारतात राहणाऱ्यासाठी मात्र खरा मुद्दा वर्गणीचा आकडा हा नाहीच. वायनॅबच्या किमतीतला मोठा भाग बँकजोडणीचा आहे. ती अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि युरोपातल्या बँकांपुरती चालते. भारतीय बँका तिच्यात नाहीत, आणि आपल्याकडची अकाउंट अ‍ॅग्रिगेटर व्यवस्था (ग्राहकाच्या संमतीनं बँकेची माहिती दुसऱ्या ॲपला देणारी) या दोन्हींपैकी कुणालाच जोडलेली नाही. म्हणजे पुण्यात बसून वायनॅब वापरणारा पूर्ण पैसे मोजतो आणि स्टेटमेंटची फाइल हातानंच चढवतो. अशा माणसाला ॲक्च्युअलकडे न जाण्याची सबळ कारणं दोनच उरतात: फोनचं ॲप, आणि कार्डावर मोठी थकबाकी असेल तर तिचा हिशोब. त्यांच्याबद्दल पुढे.

अमेरिकेत असाल तर गणित वेगळं. ॲक्च्युअलला तिथल्या बँका सिंपलफिन या मधल्या सेवेतून जोडता येतात आणि तिची वर्गणी वर्षाला 15 डॉलर आहे. भाड्याचा सर्व्हर धरला तरी सगळं मिळून वर्षाला 35 डॉलरच्या आत बसतं. पण जोडणी तुटली की ती सिंपलफिनकडे तुटली की तुमच्या सर्व्हरवर, हे तुम्हीच शोधायचं. वायनॅबमध्ये मदतकेंद्राला लिहिता येतं. ॲक्च्युअलच्या बाबतीत वापरणाऱ्यांच्या डिस्कॉर्ड या गप्पांच्या मंचावर विचारायचं.

फाइल चढवण्याच्या बाबतीत ॲक्च्युअल उघड उघड सरस आहे. वायनॅबला सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) ठरावीक नावांचे रकाने लागतात: तारीख, कुणाला, टीप, आणि जावक-आवक किंवा एकच रक्कम. भारतीय बँकेचं स्टेटमेंट तसं कधीच येत नाही. वरच्या दहा-वीस ओळींत नाव, पत्ता, शाखा असते, मग डेबिट-क्रेडिटचे दोन रकाने, आणि तारीख दिवस-महिना-वर्ष अशी. ॲक्च्युअलच्या आयात खिडकीत वरच्या किती ओळी सोडायच्या, तारखेचा क्रम कोणता, रक्कम दोन रकान्यांत आहे का, हे सगळं तिथल्या तिथे सांगता येतं. फाइल एक्सेलची असेल तर आधी सीएसव्ही करून घ्या. रकमा 1,00,000 अशा लाखाच्या पद्धतीनं दाखवायची सोयही सेटिंग्जमध्ये आहे.

अडचण येते यूपीआयच्या मजकुराची. प्रत्येक ओळीत 12 आकडी संदर्भ क्रमांक असतो, त्यामुळे तोच भाजीवाला दर वेळी ॲपला नवा माणूस वाटतो. दोन महिन्यांची फाइल आंधळेपणानं चढवली की नावांच्या यादीत शेकड्यांनी कचरा साठतो. यावर उपाय म्हणजे नियम, आणि ते मोठी फाइल चढवायच्या आधी करा. अट अशी ठेवा: ‘आयात झालेल्या नावात अमुक मजकूर असेल तर’. तो मजकूर म्हणून दुकानदाराचा यूपीआय आयडी घ्या, कारण तो बदलत नाही. मग त्याच नियमात नाव आणि कॅटेगरी दोन्ही बसवा. नेहमीच्या दहा-पंधरा ठिकाणांचे नियम केले तरी बहुतेक ओळी आपोआप जागी पडतात. वायनॅबमध्येही नाव बदलण्याचे नियम आहेत, पण रक्कम, खातं, टीप अशा अटी एकत्र जोडण्याची मुभा ॲक्च्युअलइतकी नाही.

आणखी एक सांभाळा. हातानं टाकलेली नोंद आणि फाइलमधली ओळ एकच आहे का, हे ॲक्च्युअल रक्कम आणि जवळपासची तारीख बघून ठरवतं. 500 रुपयांचं पेट्रोल आणि त्याच आठवड्यातला 500 चा दुसरा खर्च चुकून एकात मिसळू शकतो. आयातीआधी जी यादी दिसते ती गोल रकमांपुरती तरी डोळ्याखालून घाला.

क्रेडिट कार्ड. इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. वायनॅबमध्ये कार्डावर 3,000 चा किराणा घेतला की किराण्याच्या पाकिटातले 3,000 आपोआप कार्डाच्या पेमेंटच्या पाकिटात सरकतात. ॲक्च्युअलमध्ये असं वेगळं पाकीट नसतंच. किराणा 3,000 नं कमी होतो, कार्डाचं खातं उणे 3,000 दाखवतं आणि बिल भरलं की बँकेतून कार्डाकडे कॅटेगरी नसलेली बदली होते. दर महिन्याला पूर्ण बिल भरणाऱ्याला दोन्हीकडे अखेरचा आकडा सारखाच मिळतो.

थकबाकी वाहणाऱ्याला मात्र धक्का बसतो. बँकेत 1,00,000 आहेत, कार्डावर 3,000 देणं आहे, आणि वायनॅबमध्ये कार्डाच्या पाकिटात फक्त 1,000, बाकीच्या पाकिटांत 99,000. वायनॅब म्हणतं वाटायला शून्य उरलं, सगळं ठीक. ॲक्च्युअल मात्र कार्डाचं उणे सरळ वजा करतं: हाती 97,000, पाकिटांत 99,000, म्हणून वाटायची रक्कम उणे 2,000. आयात बिघडलेली नाही. ते 2,000 म्हणजे तुम्ही अजून तजवीज न केलेलं कर्ज. ‘कार्डाची थकबाकी’ अशी कॅटेगरी करून तिच्यात उणे 2,000 बसवा. त्यासाठी कार्डाच्या खात्यातल्या सुरुवातीच्या शिलकेच्या नोंदीतला तेवढा भाग या कॅटेगरीकडे टाका, तिचं उणे पुढच्या महिन्यात नेण्याचा पर्याय चालू करा आणि दरमहा भरून काढा. हे दर महिन्याला निभावायचा कंटाळा येणार असेल आणि थकबाकी मोठी असेल, तर ती फिटेपर्यंत वायनॅबमध्येच राहा. या कामात ते खरोखर चांगलं आहे.

उद्दिष्टांचंही तसंच. विम्याचे 24,000 मार्चपर्यंत जमवायचे, हे वायनॅबमध्ये दोन टिचक्यांत होतं आणि कमी पडलेलं सगळं एका बटणानं भरता येतं. ॲक्च्युअलमध्ये कॅटेगरीच्या टिपेत साच्याची (टेम्प्लेटची) एक ओळ ठरावीक पद्धतीनं लिहावी लागते. ताकद तिच्यात जास्त आहे, टक्केवारी, प्राधान्यक्रम सगळं जमतं, पण घरातल्या प्रत्येकाला ते रुचेल असं नाही. तुमची जुनी उद्दिष्टं नव्याने लिहायची तयारी ठेवा.

फोनवर वायनॅबची खरीखुरी ॲप आहेत. ॲक्च्युअलचं पान ब्राउझरमधून उघडून मुख्य पडद्यावर चिकटवायचं. नेट नसतानाही नोंद होते, जोडणी आली की सर्व्हरशी जुळते. घरच्या सर्व्हरवर बहुतेकांचं घोडं एकाच जागी अडतं: संगणकावर सगळं चालतं आणि फोनवर ‘शेअर्ड अरे बफर’ नावाची चूक येऊन पान बंद पडतं. कारण असं, की ब्राउझर ही सोय फक्त सुरक्षित जोडणीवर देतो, आणि घरातला साधा एचटीटीपी पत्ता सुरक्षित मानला जात नाही. कॅडीसारखा प्रॉक्सी (सर्व्हरपुढे बसणारा मधला प्रोग्राम) किंवा टेलस्केल (स्वतःच्या उपकरणांचं खासगी जाळं) लावून एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, करा. ते झेपत नसेल तर भाड्याची सेवा घ्या, तिथे ते आधीच केलेलं असतं.

स्थलांतराला महिन्याची पहिली तारीख बरी. त्याआधी वायनॅबमध्ये प्रत्येक खात्याचा बँकेशी ताळमेळ लावा आणि मंजुरीसाठी अडकलेले व्यवहार संपवा. तिथल्या निर्यातीत दोन सीएसव्ही मिळतात, व्यवहारांची आणि बजेटची. त्या जपून ठेवण्यासाठी ठीक, पण ॲक्च्युअलच्या आयातीला लागते ती जेसन (JSON) प्रकारची फाइल, आणि ती वायनॅबच्या एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रामांसाठी ठेवलेल्या वाटेनं, काढावी लागते. खात्याच्या सेटिंग्जमध्ये डेव्हलपर विभागात जाऊन टोकन (पासवर्डासारखी किल्ली) तयार करा. ते एकदाच दिसतं, लगेच उतरवून घ्या. मग कर्ल या कमांड देऊन चालवायच्या साधनानं आधी बजेटांची यादी, तिच्यातून आपल्या बजेटचा क्रमांक, आणि त्या क्रमांकानं पूर्ण फाइल. उघडून पाहिलीत तर 250 रुपये 2,50,000 असे दिसतील. वायनॅब रक्कम हजारपट करून साठवतं, आयात करताना ती नीट होते. कुणा तिसऱ्याच्या संकेतस्थळावर टोकन देऊन फाइल काढून घेण्याचा मोह टाळा.

आयात झाल्यावर आधी प्रत्येक खात्याची शिल्लक पैशापर्यंत जुळवा. ती जुळल्याशिवाय पाकिटांकडे बघू नका. मग चालू महिन्याच्या पाकिटांतल्या शिलका. वायनॅबमध्ये पुढच्या महिन्यांत आधीच पैसे वाटले असतील तर वाटायच्या रकमेत फरक दिसेल. ॲक्च्युअलमध्ये ते ‘पुढच्या महिन्यासाठी राखून ठेवा’ या पर्यायानं बाजूला काढायचे. जुना इतिहास फारच विस्कळीत असेल तर आयातीच्या भानगडीत न पडता फक्त आजच्या शिलका घेऊन कोरी सुरुवात केलेली परवडते.

महिनाभर दोन्हीकडे नोंदी ठेवा आणि वर्गणीची पुढची तारीख त्यानंतरच येईल असं बघा. रद्द करण्यापूर्वी टोकन पुसून टाका. ॲक्च्युअलमध्ये एन्क्रिप्शन (माहिती पासवर्डनं कुलूपबंद करणं) चालू केलंत तर त्याचा पासवर्ड कागदावर लिहून ठेवा, कारण तो हरवला तर सर्व्हरवरची प्रत कुणालाच उघडता येत नाही. आणि सेटिंग्जमधून महिन्याला एकदा झिप निर्यात करून पेन ड्राइव्हवर टाका. ब्राउझरमधून वापरताना हा बॅकअप आपोआप होत नाही.