बदाम, अक्रोड की शेंगदाणे? वजन आणि पोट दोन्ही सांभाळायचं असेल तर

वजन वाढलंय, फरसाण-बिस्किटं सोडून मूठभर सुकामेवा खायचं ठरवलंय, पण घ्यायचं काय, असा प्रश्न असेल तर आधी आपल्याला नेमकं काय सुधारायचंय ते बघा.

पोटाभोवतीची चरबी नुसती साठून बसत नाही. तिच्यातून टीएनएफ-अल्फा, आयएल-6 असे दाह (शरीरात आतल्या आत राहणारी सूज) वाढवणारे घटक रक्तात झिरपत राहतात. त्यातच आतड्याचं अस्तर सैल पडलं, तर जिवाणूंच्या आवरणाचे तुकडे रक्तात शिरून दाहात भर घालतात. अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन म्हणजे ब्युटिरेट. ते आपल्या आतड्यातले जिवाणूच बनवतात, तंतुमय पदार्थ खाऊन.

दाह कमी करणं हेच उद्दिष्ट असेल, तर माझं मत अक्रोडाला. बार्सिलोना आणि कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा इथे सहाशेहून अधिक ज्येष्ठांवर दोन वर्षं अभ्यास झाला. रोज 30 ते 60 ग्रॅम अक्रोड खाणाऱ्यांमध्ये दाहाच्या तपासलेल्या दहा खुणांपैकी सहा कमी झाल्या. जिवाणूंच्या बाबतीतही अक्रोड मागे नाही. इलिनॉय विद्यापीठाच्या 2018च्या प्रयोगात रोज 42 ग्रॅम अक्रोड खाल्ल्यावर तीन आठवड्यांत ब्युटिरेट बनवणारे जिवाणू वाढले आणि आतड्याला त्रासदायक ठरणारी काही पित्ताम्लं घटली. मात्र यात 18च माणसं होती, हे लक्षात असू द्या. अक्रोडातल्या एलॅजिटॅनिन या वनस्पतीजन्य घटकापासून जिवाणू युरोलिथिन नावाचं उपयुक्त द्रव्य बनवतात, पण ते बनवणारे जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. म्हणून एकाच घरात दोघांना सारखा फायदा होईलच असं नाही.

तंतूंचं म्हणाल तर बदाम सरस: 100 ग्रॅममध्ये सुमारे 12 ग्रॅम, अक्रोडात 7च्या आसपास. लंडनच्या किंग्ज कॉलेजने रोज 56 ग्रॅम बदाम देऊन पाहिले, तेव्हा चार आठवड्यांनी मफिन खाणाऱ्यांपेक्षा ब्युटिरेट जास्त आढळलं. वजनाची काळजी करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगाविशी वाटते. अख्ख्या बदामातलं सगळं तेल आपल्याला पचत नाही, कारण ते पेशींच्या भिंतींत अडकलेलं असतं. अमेरिकी कृषी खात्याच्या 2012च्या मोजमापात 28 ग्रॅम बदामांतून शरीराला 170 नव्हे, तर 129च्या आसपास कॅलरी मिळाल्या. उरलेला भाग खाली मोठ्या आतड्यात जिवाणूंपर्यंत पोचतो. बदामाची पेस्ट केली की ही भिंतच मोडते, म्हणून बदाम चावून खा. भिजवायला हरकत नाही, पण साल फेकू नका. जिवाणूंचं बरंच खाद्य सालीतच असतं.

आता शेंगदाणे. ते खरं तर कडधान्याच्या कुळातले, पण म्हणून त्यांना कमी लेखणं मला पटत नाही. अमेरिकेत रक्तातली साखर थोडी वाढलेल्या लोकांना रात्री 28 ग्रॅम भाजके दाणे दिले, तेव्हा चीज-क्रॅकर खाणाऱ्यांच्या तुलनेत ब्युटिरेट बनवणारे जिवाणू वाढलेले दिसले. रोज बदाम-अक्रोड परवडत नसतील, तर मूठभर बिनमिठाचे भाजके दाणे बिनधास्त खा. फक्त कुबट, काळपडलेले, सुरकुतलेले दाणे निवडून टाका. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन भाजूनही पूर्ण जात नाही.

काजूत तंतू कमी, म्हणून जिवाणूंसाठी ती माझी निवड नाही. पण काजूने वजन वाढतं ही भीती अनाठायी आहे: चेन्नईत मधुमेही लोकांनी 12 आठवडे रोज 30 ग्रॅम काजू खाल्ले, त्यांचं वजन वाढलं नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र तपासले, तेव्हा नुसता सुकामेवा खाऊन सीआरपी, म्हणजे रक्तातली दाहाची एक खूण, ठळकपणे उतरल्याचं दिसलं नाही. त्यामुळे चहासोबतची बिस्किटं, शेव तशीच चालू ठेवून वर बदाम खाणार असाल, तर पैसे वाया घालवू नका. त्यांच्या जागी 30 ग्रॅम सुकामेवा घ्या. मी स्वतः निम्मे अक्रोड आणि निम्मे बदाम सुचवेन. अक्रोड थोडेच आणा आणि फ्रिजमध्ये ठेवा, त्यांचं तेल लवकर खवट होतं. दाण्यांची किंवा सुक्यामेव्याची ॲलर्जी असेल, किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.