फिकट त्वचेचा प्रीसेट: आठ महिन्यांनंतर

विटलेला, फिकट लुक देणारा प्रीसेटचा (एका क्लिकमध्ये फोटोचे रंग बदलणाऱ्या तयार सेटिंगचा) संच विकत घेऊन आठ महिने झाले. विकणाऱ्याचं नाव सांगत नाही, कारण निम्मी चूक माझीच. नमुन्यातल्या सगळ्या मुली परदेशी, ढगाळ उजेडात उभ्या. माझ्यासमोर गव्हाळ नवरी, मांडवातले पिवळे दिवे आणि हळद! पहिल्याच हळदीचे फोटो एका क्लिकमध्ये उरकले. नवरी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी, अंगावरची हळद राखाडी, झेंडूच्या माळा आठवडाभर शिळ्या. तिची आई म्हणाली, "गोरी दिसतेय हो, पण बरं नाहीये का तिला?"

लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक रंग वेगळा बदलता येतो, आणि त्वचा, गोरी असो की सावळी, मुख्यतः ऑरेंजमध्ये येते. झेंडू, हळद आणि पैठणीची जरही तिथेच, नाहीतर शेजारच्या यलोमध्ये. प्रीसेटने ऑरेंजचं सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) दाबलं होतं आणि ल्युमिनन्स (रंगाचा उजळपणा) चांगलंच चढवलं होतं. म्हणजे रंगही गेला आणि गालाची गोलाईही.

हल्ली ल्युमिनन्सला मी जवळजवळ हात लावत नाही. फिकट करणं आणि गोरं करणं यांतला फरक कळायला मला तीन महिने लागले, ग्राहकांना अजून कळायचाय. विटकेपणा खरा येतो टोन कर्व्हमधून, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार ठरवणाऱ्या रेषेतून: काळ्याचं टोक 0 वरून 15-20 पर्यंत उचलायचं, की सावल्या धुतल्यासारख्या होतात आणि सावळा चेहरा सावळाच राहतो.

त्वचेसाठी माणसं ओळखणारा मास्क (फोटोचा ठरावीक भाग निवडणारं साधन) वापरते, जो 2022 मध्ये आला. चेहऱ्याची आणि अंगाची त्वचा दोन्ही निवडायची, नाहीतर चेहरा फिका आणि मेंदीचे हात मूळ रंगाचे. सॅच्युरेशन उणे 20, फार तर 25. ओठ वेगळे राहतात, त्यामुळे चेहऱ्यात जीव उरतो. गालावरची हळद मात्र मास्कमध्येच येते, ती ब्रशने वजा करावी लागते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर तेवढ्यात चहा होतो.

पुण्यात लॉ कॉलेज रोडच्या झाडांखाली किंवा वेताळ टेकडीवर फोटो काढत असाल तर आधी टिंटचा स्लायडर हिरव्याकडून मॅजेंटाकडे (गुलाबी-जांभळ्याकडे) सरकवा. पानांतून आलेला हिरवा उजेड एरवी त्वचेच्या केशरी रंगात लपतो. तो रंग कमी केला की हिरवा वर येतो आणि माणूस कावीळ झाल्यासारखा दिसतो. यात माझं एक अख्खं प्री-वेडिंग वाया गेलं. रॉ फाइल (कॅमेऱ्यातला मूळ डेटा) होत्या म्हणून वाचले.

आईच्या लग्नाचा अल्बम काढून बघितला, तर तिथे फिकटपणा वेगळाच. त्या काळच्या बऱ्याच रंगीत प्रिंटमध्ये आधी सायन (निळसर हिरवा रंग) उडतो, म्हणून फोटो तांबूस होतात. म्हणून सावल्यांत हलका तांबडा, कलर ग्रेडिंगमधून (सावल्या आणि उजळ भागांना वेगळी रंगछटा देणाऱ्या सोयीतून), 5-6 इतकाच घालते. तेव्हा कुठे घरच्यांनी "जुना वाटतो" म्हटलं.

प्रिंटची वेगळी कटकट. स्क्रीनवर मखमली वाटणाऱ्या सावल्या मॅट कागदावर चिखल होतात. पेठेतल्या लॅबला द्यायच्या आधी काळं पुन्हा निम्मं खाली आणते.

संचातले चाळीस प्रीसेट आता कुठल्याशा फोल्डरमध्ये पडून आहेत. एकच वापरते, तोही ऑरेंज शून्यावर आणून.